मागच्या भिंतीला लेप नव्हता, मारोती

ती भिंत मी खरवडली होती. हे तुला सांगितलं तेव्हा तुझी पाठ त्याच भिंतीला लागलेली होती आणि शाळेची लेकरं तुझ्याभोवती दाटून बसली होती. बाहेर दाराला लागून कडब्याची गंजी पेटली होती. दाराच्या फटीतून धूर आत येत होता. तू सांगत होतास, "खाली बसा, भितीला टेकून बसा. तोंडाला रुमाल लावा. ही भित जळत न्हाई. गंजी जळून खाली बसली की बाहेर जाऊ." आवाज अगदी शांत, पाढे म्हणून घ्यावेत तसा.

तेवढ्यात मागच्या बाजूने तडतड ऐकू आली. तुला वाटलं, वरचे पत्रे तापून वाजत आहेत. मला कळलं. आयुष्यभर चुलीत तुरीच्या वाळल्या तुराट्या घातल्या आहेत मी, त्या पेटल्या की कसा आवाज करतात ते मला दुसऱ्या कुणी सांगायला नको.

मी म्हणाले, "मारोती, उठव लेकरायला. त्या भितीला लेप न्हाई. मी खरवडून काढलाय."

तू माझ्याकडे पाहिलंस. त्या पाहण्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही.

शाळेच्या बाईंनी वही दिली आणि म्हणाल्या, आजी, शाळेच्या वार्षिक अंकात मारोती काकांवर चार पानं लिहा. तुझं शिक्षण, नोकरी, सत्कार हे सगळं बाई लिहिणार आहेत. माझी शाळा चौथीपर्यंत. मला तुझी वहिनी म्हणून जे माहीत आहे ते मी लिहिते. गोड लिहायला मला जमत नाही, हे तुला ठाऊक आहे.

लोक आता म्हणतात की तू लहानपणापासून हुशार होतास. तसं काही नव्हतं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास आणि दिवसभर नाकात बोट घालून चुलीपाशी बसायचास. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तुला न्हाऊ घालणं, दोन धपाटे घालणं आणि शाळेत ढकलणं माझ्याकडे आलं. सगळं जग वहिनीला मान देऊन बोलतं, तू मला अरेतुरे करायचास. मोठा झाल्यावर "तुमी" म्हणायला लागलास तेव्हा मला ते परक्यासारखं वाटलं होतं. हे मी तुला कधी बोलले नाही. बोलण्यासारखं तरी काय होतं त्यात.

दक्षिणेत समुद्राच्या काठी, जिथून रॉकेट सोडतात, तिथे तू रंगखात्यात लागलास. रॉकेटला रंग देतो म्हणून गावात सांगायचास आणि गाव हसायचं. नोकरी संपवून परत आलास ते टेंपोत दोन पिंपं घेऊन. बायको गेलेली, पोरगी पुण्यात तिच्या संसारात, आणि तू अंगणात पिंपाला हात लावून उभा, जसं काही जावई आणलाय.

मी विचारलं, "काय हाये हे?"

"लेप हाये वैनी. रॉकेटसाठी बनवला होता. आग धरू न्हाई म्हणून. आता सरकारनं बाहेरच्या कारखान्यायला बनवायला शिकवलाय. लाकडाला लावा, कपड्याला लावा, गवताला लावा."

"अन् तू काय करणार?"

"मी आपल्या कुडायला लावणार."

मी हसले. रॉकेटचं औषध तुराट्यांच्या भिंतीला. पण तुझं म्हणणं बराबर होतं, ते मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते. आमच्याकडे गोठा, कोठी, शेतातली खोली, सगळं तुराट्या उभ्या बांधून केलेल्या कुडाचं, वरून शेणाचा हात. एक ठिणगी पडली की बैल सोडायलाही वेळ मिळत नाही. असे जळालेले बैल मी पाहिलेत. त्या वासानंतर दोन दिवस जेवण जात नाही. रॉकेट बनवणाऱ्यांनी शोधलेली वस्तू आमच्या बैलाच्या कामी येत असेल तर ती आणणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

तू जवळा बाजारच्या आठवडी बाजारात जाऊन बसायला लागलास. एकदा मी हरभऱ्याचं बी घ्यायला आले होते तेव्हा पाहिलं. दोन तुराट्यांच्या जुड्या, एक लेपाची, एक बिनलेपाची. हातात गॅसची नळी. बिनलेपाची जुडी भसकन गेली. लेपाच्या जुडीवर तू ज्योत धरलीस आणि ती नुसती काळी पडली. माणसं तोंड उघडं टाकून पाहत होती. तू ओरडलास, "जळत न्हाई. हात लावून पाहा. जळत न्हाई."

त्या दिवशी जीपमधून येताना आपलं भांडण झालं. ते कधी मिटलंच नाही.

मी म्हणाले, "जळत न्हाई म्हणून काहून सांगून राहिला? टोक काळं झालं होतं की."

"काळं झालं, पेटलं न्हाई."

"आनखी दहा मिनटं धरली असती तर?"

"दहा मिनटं ज्योत धरून कोण बसतंय वैनी?"

"आग बसती. तिला काय बाजार करून घरी जायचं असतं?"

जीपमधली माणसं हसली. तूही हसलास, पण कान लाल झाले होते. मग हळू आवाजात म्हणालास, "पिंपावरच्या कागदात लिहिलेलंच हाये. आग लवकर पसरत न्हाई, बाहेर निघायला वेळ भेटतो."

"मग तसंच सांग. उशिरा जळतं म्हण."

"उशिरा जळतं म्हणलं तर कोण घेईल? म्हणतील, जळतंच ना शेवटी, मग कशाला लावायचं?"

"घेऊ नका म्हणाव."

"तुमाला धंदा कळत न्हाई वैनी."

"मला आग कळती."

त्यानंतर हे भांडण आपण कितीदा केलं असेल. भाकरी थापताना, तुझा सदरा शिवताना, दवाखान्याच्या रांगेत. दर वेळी तू म्हणायचास की घरात लेप आला की लोक सावध होतील, हळूहळू सगळं समजावून सांगू. मी म्हणायची, उलट होईल. कोण खरं ठरलं हे आता विचारू नकोस.

आपला जुना गोठा तू घेतलास. बैल विकले होते, जागा रिकामी होती. कुडाचं सगळं शेण काढलंस, उघड्या तुराट्यांवर पंपाने लेप मारलास, आतून, बाहेरून, दाराच्या तुराट्यांच्या ताटीलासुद्धा. वरती पत्रे टाकलेस. आत रॉकेटचं मोठं चित्र, पृथ्वीचा गोळा, लेपाचे कपडे, लाकडाचे तुकडे, गॅसची नळी, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि गोणपाट. शाळेतल्या लेकरांना शनिवारी तिथे आणायचं असं बाईंशी ठरवलंस.

मी म्हणाले, "लेकरायला दाखवायचंय तर शाळेच्या सिमेटच्या खोलीत दाखव."

"सिमेटची खोली जळत न्हाई हे कुत्र्याला बी माहीत हाये. मला कूड दाखवायचाय. कुडात बसून शिकलं पाहिजे त्यायनं."

लेकरांना तुझा लळा लागला होता, हे मी नाकारत नाही. रॉकेट वर जाताना किती तापतं, टाकीत किती थंडी असते, मधला पातळ थर दोघांना कसा वेगळा ठेवतो, हे तू दुधाच्या पातेल्यावर आणि गोधडीवर समजावायचास. मी दारात गहू निवडत बसून ऐकायची. चौथीच्या पुढचं जे काही मी शिकले ते तिथे. एका शनिवारी पाचवीतल्या एका पोरीने विचारलं, "सर, किती वेळ जळत न्हाई?" तू म्हणालास, "तू पास व्हईस्तोर." सगळे हसले. ती पोरगी हसली नाही. ती वही उघडून तुझ्याकडे पाहत राहिली, आकडा सांगशील म्हणून.

आता भिंतीचं.

घट बसायच्या आधी या घरातली एकही कुडाची भिंत जुनी ठेवायची नाही, ही तुझ्या आईची शिस्त. जुना थर खुरप्याने काड्यांपर्यंत खरवडायचा, मग शेणाचा हात आणि वरून पांढऱ्या मातीचा पोतारा. खरवडल्याशिवाय नवं धरत नाही. मी या घरात आले तेव्हापासून एक साल चुकवलेलं नाही, तुझा भाऊ गेला त्या सालीसुद्धा नाही. गेल्या घटाच्या आधी तू चार दिवस नांदेडला प्रदर्शनात होतास. गोठ्याची मागची भिंत आपल्या परसाकडे आहे, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना तीच दिसते. मी शेण लावून पाहिलं. धरेना. लेपावरून घसरून खाली पडायचं. शेजारची म्हणाली, "मावशे, तुमच्या दिराचं रॉकेट शेण बी घेईना." मला राग आला. मी खुरपं घेतलं.

तो लेप सोपा नव्हता. दोन दिवस लागले, आतून आणि बाहेरून. खुरप्याची धार गेली, माझं मनगट सुजलं. म्हणून बाकीच्या तीन भिंती राहिल्या. त्या राहिल्या त्या माझ्या मनगटामुळे, माझ्या अकलेमुळे नाही.

तू आलास, भिंत पाहिलीस. "वैनी, सारवली का भित?"

"व्हय."

"बरं केलं. लेपाच्या वरून सारवलं तर काही बिघडत न्हाई. उलट गावची भित दिसती."

तू हातपाय धुवायला गेलास. मी पोळपाट घेतला.

काहून सांगितलं नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. भीती म्हणून नाही, तुला मी कधी भ्याले नाही. एक तर दोन दिवसांची मेहनत मला वाया घालवायची नव्हती. आणि खरं म्हणजे माझ्या मनात तो लेप म्हणजे रंगच होता. तोंडाने मी आगीवर भांडायची, पण आत कुठेतरी मला वाटायचं, हे सगळं बाजारातलं बोलणं आहे, भिंत शेवटी शेणाचीच बरी. तू त्या लेपावर जास्त विश्वास ठेवलास, मी काहीच ठेवला नाही, आणि आपल्या दोघांच्या मध्ये ती भिंत उघडी राहिली.

त्यानंतर आग जवळ यायला लागली. मी हे मागाहून जुळवून सांगत नाही. मी रोज पाहत होते.

तुझ्या आईच्या वेळी गोठा आणि गंजी यांच्यात बैलगाडी वळेल एवढी जागा सोडायचे. चुलीतली राख गोठ्याकडे न्यायची नाही. बिडी ओढणारा माणूस कुडाजवळ आला तर बायका हटकायच्या. लेप लागला आणि हे एकेक सुटत गेलं. आधी माणसं तुझ्या खोलीला टेकून बिड्या ओढायला लागली, गंमत म्हणून जळती काडी भिंतीला लावून पाहायला लागली. मग केशवने, माझ्याच पोटच्या पोराने, नवा कडबा आणून दाराला लागून गंजी घातली.

मी म्हणाले, "केशव, लांब घाल ती."

"काकाची भित जळत न्हाई आई. वळचणीखाली भिजायचं बी टेन्शन न्हाई."

मी तुझ्याकडे आले. वाटलं तू तरी बोलशील. तू बाहेर येऊन गंजी पाहिलीस आणि तुझा चेहरा खुलला. कुरुंद्याचे दोन शेतकरी आले होते त्या दिवशी. तू त्यांना हात धरून गंजीपाशी नेलंस. "पाहा, माझा पुतण्या भितीलाच कडबा लावतो. घरच्या माणसाचा भरोसा हाये." ते दोघं मान डोलावून गेले. त्यांनीही घरी जाऊन तेच केलं असणार.

त्यानंतर हळद निघाली. हळद शिजवायच्या कुकरची भट्टी केशवने परसाच्या पलीकडे मांडली, पाण्याचा हौद तिथे म्हणून. भट्टीला लागतात म्हणून कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या आणल्या आणि तुझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला रचल्या. त्या रचताना मी ओट्यावर होते. मला सगळं दिसत होतं. कोणत्या भिंतीला रचून राहिला, तेही दिसत होतं. मी म्हणाले, "तिथं नको रचू." केशव म्हणाला, "आई, तुमचं रोजचंच हाये." आणि मी उठून आत गेले. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. तेच वाक्य मी पुढे धुरात बोलले.

त्या शनिवारी सकाळपासून वारं उलटं होतं. भट्टीचा धूर रोज शेताकडे जायचा, त्या दिवशी घराकडे येत होता. मी लेकरांसाठी ताक घेऊन तुझ्या खोलीत आले. तू लेपाचा कपडा हातात धरून काहीतरी सांगत होतास. धूर आत आला तेव्हा दोघा लेकरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रयोग सुरू झाला.

पुढचं बाहेरून केशवने आणि कुकरवरच्या माणसांनी पाहिलं, भट्टीतली ठिणगी वाऱ्याने आधी दाराच्या गंजीत पडली, मग मागच्या पऱ्हाट्यांत. आतलं फक्त आतल्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते. मी ते वाक्य बोलल्यावर तू एक क्षणही घालवला नाहीस. मला विचारलं नाहीस की कधी, काहून, किती. लगेच उठलास. पाण्याच्या टाकीत गोणपाट बुडवलेस, एकेक लेकराच्या डोक्यावर टाकलेस, बाईंना म्हणालास, "तुमी पुढं. थांबायचं न्हाई. मागं पाहायचं न्हाई." दाराची ताटी उपटलीस आणि ती दोन्ही हातांनी धरून पेटलेल्या गंजीच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलास. ताटीला लेप होता. ती काळी पडत गेली, पण पेटली नाही. तिच्या आडोशाने लेकरं पळाली. तू मोठ्याने मोजत होतास.

दाराकडची भिंत उभी होती. इतकी आग तिच्या अंगाला लागलेली असून ती उभी होती. मागे वळून पाहिलं तर माझी भिंत वरपासून खालपर्यंत लाल झाली होती. आम्ही सगळे तिथे बसलेलो होतो, पाच मिनिटांपूर्वी.

मी शेवटची. मी म्हणाले, "तू चल आधी." तू म्हणालास, "वैनी, निघ." तुमी नाही म्हणालास. आणि खांद्याने मला ढकललंस. मी अंगणात पडले. मागे गंजी कोसळली, ताटीवर आणि तुझ्यावर.

नांदेडच्या दवाखान्यात तू तीन दिवस होतास. तोंडात नळी होती. दुसऱ्या दिवशी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी तुला सगळं सांगितलं, खुरपं, मनगट, शेजारणीचं बोलणं, पोळपाट, सगळं. तू ऐकलंस की नाही, डॉक्टरलाही सांगता आलं नाही. माझी एवढीच अपेक्षा होती की तू शिवी द्यावीस. चांगली, आपल्या गावातली. तुला येत नव्हत्या असं नाही.

तू गेल्यावर गाव म्हणायला लागलं, लेप फसला. जळलेली भिंत बघायला माणसं यायची, मागून यायची, राख पाहायची, मान हलवायची. पुढची उभी भिंत कुणी पाहायला जात नव्हतं. केशवही तेच बोलायला लागला. "काकानं आमाला फसवलं न्हाई, पण काकाला कंपनीनं फसवलं." त्याला ते बोलणं बरं पडत होतं. त्यात गंजी कुणी लावली हे येत नाही. मलाही बरं पडत होतं. मी बारा दिवस गप्प राहिले. हेही लिहून ठेवते.

तेरवीच्या दिवशी माणसं जेवायला बसली होती. कुणीतरी म्हणालं, मारोतीभाऊनं आयुष्य घातलं पण वस्तू खोटी निघाली. मी वाढत होते. मी भाजीचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "वस्तू खोटी नव्हती. मागच्या भितीला लेपच नव्हता. मी घटाच्या आधी खरवडला. मारोतीला सांगितलं न्हाई."

पंगत थांबली. केशव म्हणाला, "आई, आत चला. तुमाला बरं वाटून न्हाई राहिलं."

"मला चांगलं वाटून राहिलंय. भित मी खरवडली. गंजी तू लावली. जळत न्हाई असं त्यानं सांगितलं. तिघायचं काम हाये हे. मेला तो एकटा."

केशव ताटावरून उठला. अजून माझ्याशी धड बोलत नाही. गंजी मात्र त्याने आता बैलगाडीच्या वळणाइतकी लांब घातली आहे.

लोकांनी मग माझं ऐकलं म्हणावं, तर तसंही नाही. अर्धे म्हणतात, म्हातारी दिराचं नाव राखायला खोटं बोलते. उरलेले म्हणतात, चला, म्हणजे लेप खरा, मग जळत नाहीच. हे दुसरे मला जास्त घाबरवतात.

आणि मला दुसरंच एक सुचलं, त्याने माझी झोप गेली. तू ज्या ज्या कुडाला लेप दिलास, त्या प्रत्येक घरात एक बाई आहे. तिच्याकडे खुरपं आहे. तिच्याही घरी घट बसतात.

मी बाईंना घेऊन कुरुंद्याला गेले. कुणाला लेप दिला ते तू एका वहीत लिहून ठेवायचास, त्या वहीतल्या घरी. पुरुषांना विचारलंच नाही. ते म्हणणार, लेप आहे, एकदम पक्का. चुलीपाशी जाऊन बायकांना विचारलं. तिसऱ्याच घरी एक तरणी सून म्हणाली, "आमी तर दिवाळीलाच काढला मावशी. पोतारा धरतच नव्हता त्याच्यावर."

"नवऱ्याला सांगितलं?"

"काहून सांगू? त्याला भितीतलं काय कळतंय?"

तिची सासू हसली. मी मागे जाऊन पाहिलं. त्या भिंतीला बाहेरून माणूसभर उंच पऱ्हाट्या लावलेल्या, आतून लेकराची झोळी बांधलेली. वीस पावलांवर हळदीची भट्टी. मी त्या पोरीला हाताला धरून मागे नेलं आणि काय झालं ते सांगितलं. तिने झोळी आधी सोडली, मग नवऱ्याला हाक मारली. पऱ्हाट्या हलेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. नवरा कुरकुरत होता, "मारोतीभाऊ म्हणले होते जळत न्हाई." मी म्हणाले, "मारोतीभाऊ माझा दीर होता. तो उशिरा जळतं म्हणायला लाजत होता. आता मी म्हणते."

म्हणजे भांडण माझ्या बाजूने लागलं, असं समजू नकोस. तू असतास तर म्हणाला असतास, वैनी, तुमी खरवडली नसती तर भित टिकली असती. टिकलीच असती. आणि मी म्हणाले असते, तू खरं सांगितलं असतंस तर तिला पऱ्हाट्या लागल्याच नसत्या. असं आपण चालूच ठेवलं असतं. त्या भांडणाची मला सवय आहे. आता एकटीने दोन्हीकडून बोलावं लागतं.

एक गोष्ट मात्र मी कुणाजवळ बोललेले नाही. तुझं उरलेलं आयुष्य तू त्या लेपावर लावलं होतंस. गावाला, बाजाराला, सरकारी माणसांना सांगितलं होतंस की भिंत जळत नाही. तरी मी एकदा नाही म्हटल्यावर तू तिथल्या तिथे ते सगळं सोडलंस आणि उठलास. चौथी शिकलेल्या बाईचं ऐकलंस. दुसरा कुणी असता तर त्याने आधी वाद घातला असता. त्यासाठी मी तुझी ऋणी आहे. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिला आहे.

तुझ्या वहीतली निम्मी गावं अजून राहिली आहेत. बाईंना शाळा असते, मला फार चालवत नाही, जीप रोज मिळत नाही. भट्ट्या अजून चालू आहेत आणि वारं दुपारी सुटतं. जिथे आम्ही पोचलो नाही तिथे कोणत्या भिंती खरवडलेल्या आहेत हे त्या घरातल्या एका बाईला माहीत आहे, आणि ती गप्प आहे. ती का गप्प आहे हे मला चांगलं कळतं.

त्या शनिवारी त्या खोलीत आम्ही चौदा जण होतो. अकरा लेकरं वाचली, बाई वाचल्या, आणि मी वाचले.